लिथियम बॅटरी, नौकांवरील
नौकेचे इंजिन सुरू करण्यासाठी आणि दिवे, पंप, बिनतारी संच यांना वीज पुरवण्यासाठी वापरली जाणारी लिथियम-आयन घटमाला. सोनीने १९९१ मध्ये लिथियम-आयन घट बाजारात आणला. नौकांवर रूढ झालेल्या लोह-फॉस्फेट प्रकाराचे संशोधन अक्षय पाधी, जॉन गुडइनफ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केले. ३.२ व्होल्टचे चार घट एकसरीत जोडले की १२.८ व्होल्ट मिळतात. शिसे-आम्ल बॅटरीतील (पहा : संचायक घट) सु. ५०% साठाच वापरणे हितावह असते, येथे सु. ८०% वापरता येतो, वजनही बरेच कमी भरते. मात्र लिथियम बॅटरीतील संरक्षक मंडलाने जोडणी अचानक तोडल्यास आल्टरनेटरचे (पहा : प्रत्यावर्तक) डायोड जळू शकतात. म्हणून इंजिनासाठी शिसे-आम्ल बॅटरी स्वतंत्र ठेवणे अधिक सुरक्षित. मुंबईच्या माझगाव डॉकसाठी केरळात बांधलेल्या ‘बॅराकुडा’ (२०२३) या सौर नौकेत प्रणोदनही लिथियम बॅटरीवर होते.