पीतवस्त्राचें भय

बळानें राज्य मिळविणाऱ्या प्रत्येक पुरुषापुढें एक प्रश्न उभा राहतो. ज्या वाटेनें आपण सिंहासनापर्यंत आलों, ती वाट इतरांस बंद कशी करावी? मध्ययुगीन चीनमध्यें या प्रश्नाचें सर्वांत यशस्वी उत्तर सुंग घराण्याच्या संस्थापकानें दिलें. आणि त्या उत्तराचें मोलहि त्याच्या वंशजांस पुरेपूर द्यावें लागलें.

तांग साम्राज्याच्या उतरत्या काळीं प्रांतोप्रांतींचे सेनापति जवळजवळ स्वतंत्र झाले होते. त्यांपैकींच झू वेन यानें इ. स. ९०७ मध्यें शेवटच्या तांग बादशहास पदच्युत केलें. त्यानंतर ९६० पर्यंतच्या अवघ्या ५३ वर्षांत उत्तर चीनमध्यें पांच घराणीं होऊन गेलीं. पीत वर्ण हा तेथें बादशहाचा वर्ण. गुओ वेइ या सेनापतीच्या अंगावर त्याच्या शिपायांनीं पिवळें निशाण फाडून पांघरलें, आणि ९५१ मध्यें तो चौ घराण्याचा पहिला बादशहा झाला.

याच गुओ वेइच्या पदरीं झाओ क्वांगयिन हा तरुण शिपाई होता. ९५९ मध्यें चौ गादीवर एक अल्पवयी मुलगा आला. पुढील वर्षारंभीं खितान लोकांच्या स्वारीची वार्ता आली, व झाओ सैन्य घेऊन राजधानी कैफेंगहून निघाला. चेनच्याओ येथील मुक्कामीं पहांटे सैनिकांनीं त्याच्या अंगावर पीतवस्त्र घातलें. हें सारें अकल्पित घडलें, असें दरबारी इतिहास सांगतात. परंतु असें वस्त्र छावणींत आयतें सांपडावें, याचें नवल वाटल्यावांचून राहत नाहीं. मात्र राजकुलास व प्रजेस उपद्रव न देण्याचें वचन त्यानें सैन्याकडून घेतलें, आणि शहर लुटलें गेलें नाहीं.

९६१ मध्यें त्यानें शी शौशिन आदि जुन्या सोबत्यांस मेजवानीस बोलावून आपलें भय सांगितलें व त्यांस जमिनी, धन आणि सन्मान देऊं केले, अशी कथा आहे. कथेंत मागाहून भर पडली असावी. पण रक्तपातावांचून ते सेनापति राजधानींतील फौजेपासून दूर झाले, हें खरें. पुढें सैन्य हलविण्याचा हुकूम एकाकडे व त्याचें आधिपत्य दुसऱ्याकडे, अशी विभागणी ठरली. पलटणी वेळोवेळीं ठाणीं बदलूं लागल्या. प्रांतांचा कारभार विद्वान अधिकाऱ्यांकडे गेला, आणि ९७३ पासून अंतिम परीक्षा स्वतः बादशहा घेऊं लागला.

सुंग घराणें ३१९ वर्षें टिकलें. त्याच्या एकाहि सेनापतीस तें सिंहासन बळकावितां आलें नाहीं. परंतु सेनापतीस शिपाई अनोळखी, आणि शिपायांस सेनापति. १००५ च्या तहानें खितान राज्यास दरवर्षीं १ लाख तोळ्यांच्या चिनी मापाची चांदी व २ लाख ठाण रेशीम देणें भाग पडलें. ११२७ मध्यें जुर्चेन लोकांनीं कैफेंग घेऊन दोन बादशहांस कैद करून नेलें. त्या पराभवाचीं कारणें अनेक होतीं. पण ११४२ मध्यें यूए फेइसारखा पराक्रमी सेनापति दक्षिणेंतील सुंग दरबाराच्याच तुरुंगांत मारला गेला, तेव्हां संस्थापकाचें जुनें भय जिवंत असल्याचें दिसून आलें.

तरीहि झाओस दोष देतांना तीं ५३ वर्षें विसरूं नयेत. त्यानें घरचा शत्रु कायमचा निःशस्त्र केला आणि शेतकऱ्यास, व्यापाऱ्यास व पंडितास स्वास्थ्य दिलें. सीमेवरील शत्रूशीं गांठ पडली, तेव्हां तेंच शस्त्र हातीं नव्हतें.