काठी बाजूला केल्यावर: अनुदानाविना विजेची मोटार

आजचा विषय जाहीर झाल्यावर काहींनी विचारलं, की तत्त्वज्ञान शिकवणाऱ्याचा मोटारीच्या खपाशी काय संबंध? प्रश्न रास्त आहे. पण सरकारी आधार काढून घेतल्यावर एखादी वस्तू बाजारात टिकेल का, हा मुळात कार्यकारणाचा प्रश्न आहे, आणि त्याचा जेवढा खल आपल्याकडे नैयायिकांनी केला तेवढा क्वचितच कुणी केला असेल. त्यांचा घड्याचा दाखला शाळेतल्या पोरालाही कळतो. घडा मातीचा. तो घडवायला चाक लागतं, चाक फिरवायला काठी लागते. माती हे घड्याचं समवायी कारण, काठी हे निमित्त कारण. घडा तयार झाल्यावर काठी मोडली, जळाली, तरी घड्याला काही होत नाही. माती मात्र काढता येत नाही; ती काढली की घडाच उरत नाही. आपल्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत हे कुणाला समजावून सांगावं लागणार नाही.

तर अनुदान ही काठी आहे की माती, एवढंच आज बघायचं आहे. त्यासाठी भविष्यवेत्ता नको, थोडं मागं वळून बघितलं तरी पुरे.

सुरुवात लोखंडी नांगरापासून करू. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला लक्ष्मणराव किर्लोस्करांनी बेळगावात लोखंडी नांगर केले. पहिले चाळीस नांगर खपायला दोन वर्षं लागली. शेतकऱ्याला भीती ही, की लोखंडानं जमीन नासते. आज 'वाटेत बॅटरी संपली तर?' म्हणून हात आखडणाऱ्या गिऱ्हाइकाला आपण हसतो, पण दोघांची जात एकच. नवी वस्तू घेणारा पहिला माणूस किमतीइतकाच धास्तीचाही हिशोब करत असतो. पुढे बेळगावातली जागा सोडायची वेळ आली, तेव्हा औंधच्या बाळासाहेब पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळची माळरानाची जमीन दिली, १० हजार रुपयांचं कर्ज दिलं, आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेना, तेव्हा आपल्या शाहू महाराजांनी जुन्या निकामी तोफा नांगरांसाठी ओतायला दिल्याची हकीकतही प्रसिद्ध आहे.

यात एक बारकावा बघण्यासारखा आहे. जागा, कर्ज, लोखंड हा सगळा आधार नांगर करणाऱ्याला होता. दर नांगरामागं शेतकऱ्याला इतके रुपये, असा तो नव्हता. शेतकऱ्यानं नांगर घेतला तो शेजारच्या रानात चाललेला बघून.

शाहू महाराजांनी १८९५ साली शाहूपुरी वसवली, व्यापाऱ्यांना सवलती देऊन गुळाची पेठ उभी केली. सवलती देणारं संस्थान १९४९ साली विलीन झालं. गुळाचा सौदा चालूच राहिला, आणि कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं. काठी गेली, घडा राहिला. शाहू मिलचं तसं झालं नाही. १९०६ साली तिचा पाया घातला गेला, पिढ्यान्‌पिढ्या तिच्या भोंग्यावर शहराची घड्याळं लागली, पण पुढे ती राज्याच्या वस्त्रोद्योग महामंडळाकडे गेली आणि २००३ साली बंद पडली. मिल बंद पडायची कारणं बरीच, यंत्रं जुनी, यंत्रमागाची स्पर्धा. सगळं खापर सरकारी आधारावर फोडणं अन्यायाचं होईल. तरी शेवटच्या काळात तो आधार काठीचा राहिला नव्हता हे खरं. आणि ज्याला मातीचं उदाहरणच बघायचंय त्यानं शेतीपंपाची वीज बघावी. २०२४ पासून राज्यानं साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांना ती मोफत केली. आता ती सवलत काढून दाखवणारा पुढारी आम्हाला तरी दिसत नाही!

आता मोटारीकडे येऊ. विजेची मोटार ही काही नवलाई नाही. १९०० च्या सुमारास अमेरिकेतल्या मोटारींपैकी जवळजवळ एक तृतीयांश विजेवर चालायच्या. तेव्हा कुणी अनुदान देत नव्हतं. धूर नाही, आवाज नाही, हँडल मारायला नको, म्हणून लोक घ्यायचे. मग १९०८ साली फोर्डची स्वस्त मॉडेल टी आली, आणि १९१२ साली कॅडिलॅकमध्ये विजेचा स्टार्टर बसला. म्हणजे पेट्रोलच्या गाडीनं विजेच्या गाडीचा सगळ्यात मोठा गुण उचलला, तोही विजेच्याच मदतीनं. वीजमोटार मागं पडली ती अशी.

आपल्याकडे बंगळुरूची रेवा २००१ मध्ये रस्त्यावर आली. २०१० च्या नोव्हेंबरात केंद्रानं विजेच्या वाहनांना किमतीच्या २० टक्के, मोटारीला जास्तीत जास्त १ लाख रुपये, असं अनुदान सुरू केलं आणि मार्च २०१२ मध्ये थांबवलं. विजेच्या दुचाकींचा खप लगेच बसला. मग २०१५ साली 'फेम' योजना, २०१९ मध्ये तिचा दुसरा टप्पा. जून २०२३ मध्ये दुचाकींचं अनुदान किमतीच्या ४० टक्क्यांच्या मर्यादेवरून १५ वर आणलं, तर मे महिन्यात लाखावर असलेला खप जूनमध्ये निम्म्याहून खाली गेला. वर्तमानपत्रांतून लगेच शोककळा. पण २०२४ या वर्षात ११ लाखांवर दुचाकी खपल्या, त्याही आणखी कमी अनुदानात. २०१२ आणि २०२३ मध्ये फरक एवढाच, की मधल्या काळात बॅटरी स्वस्त झाली होती. २०१० च्या आसपास लिथियम बॅटरीच्या एका किलोवॅट-तासाला हजार डॉलरच्या वर पडायचे. २०२४ मध्ये जगाची सरासरी ११५ वर आली. २०१२ साली काठी काढली तेव्हा चाकावर नुसता गोळा होता. २०२३ साली घड्याला आकार आला होता.

परदेशातही असंच दिसतं. जर्मनीनं डिसेंबर २०२३ मध्ये दोन-चार दिवसांत अनुदान बंद केलं, आणि पुढच्या वर्षी तिथला वीजमोटारींचा खप पाव हिश्शाहून जास्त घटला. चीननं केंद्राचं रोख अनुदान वर्षानुवर्षं थोडं थोडं कमी करत २०२२ अखेर संपवलं, खप वाढतच गेला. काठी काढण्याचीही एक रीत असते.

आणि खाजगी मोटारीचं म्हणाल, तर आपल्याकडे एक गैरसमज आहे. 'फेम'च्या दुसऱ्या टप्प्यात घरगुती वापराच्या मोटारीला केंद्राचा एक रुपयाही नव्हता. मोटारींचं अनुदान भाड्याच्या, व्यावसायिक गाड्यांपुरतं होतं. महाराष्ट्राच्या २०२१ च्या धोरणात सवलत होती, तीही ठरावीक गाड्यांपुरती. कर्जाच्या व्याजावरची प्राप्तिकराची सवलत मार्च २०२३ नंतरच्या कर्जांना मिळेनाशी झाली. तरी २०२४ मध्ये देशात १ लाखाच्या जवळपास विजेच्या मोटारी गेल्या, एकूण मोटारींच्या शेकडा अडीच. म्हणजे 'अनुदान गेल्यावर काय होईल' असं आपण विचारतो, तेव्हा रोख अनुदान बरंचसं गेलेलंच असतं.

मग उरतं काय? कर. विजेच्या मोटारीवर २०१९ पासून ५ टक्के जीएसटी आहे. छोट्या पेट्रोल मोटारीवर सेस धरून २९ टक्के होता, तो सप्टेंबर २०२५ मध्ये १८ झाला. हिशोब करू. करापूर्वी १० लाखांच्या दोन गाड्या घ्या. आधी दोघींच्या करात २ लाख ४० हजारांचं अंतर होतं, आता १ लाख ३० हजारांचं आहे. विजेच्या गाडीचं काहीही काढून घेतलं नाही, फक्त शेजारणीचं ओझं हलकं केलं, आणि १ लाख १० हजारांचा आधार गेला. अनुदान कमी झालं अशी बातमी मात्र कुठं छापून आली नाही. त्यात राज्याचा मोटार वाहन कर धरा. पेट्रोल मोटारीला तो किमतीच्या ११ टक्क्यांपासून पुढे, विजेच्या गाडीला माफ. मार्च २०२५ च्या अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांना ६ टक्के लावायचं ठरलं आणि लगेच मागंही घेतलं. टोलमाफीही आहे, मुंबई-पुणे द्रुतगती, समृद्धी, अटल सेतू इथं. टोलमाफी म्हणजे काय चीज आहे ते कोल्हापूरकरांना आम्ही काय सांगावं.

आमच्या मते रोख अनुदान ही काठीच होती, आणि ती जवळजवळ बाजूला झाली. करातली ही तफावत मात्र अजून मातीत मिसळलेली आहे, आणि ती कायमची राहू शकत नाही. शंभरात अडीच गाड्यांना माफी देणं सरकारला परवडतं. शंभरात चाळीस झाल्या तर गाडीवरचा कर गेला, पेट्रोलवरचा गेला, आणि रस्ते तर दुरुस्त करायचेच आहेत. नॉर्वेनं २००१ पासून दिलेली करमाफी २०२३ मध्ये ५ लाख क्रोनवरच्या किमतीपुरती काढली. तोवर तिथं सवय झाली होती. २०२४ मध्ये नव्या मोटारींपैकी ८९ टक्के विजेच्या होत्या. आपण अडीचवर असताना ती चर्चा सुरू झाली, हे आम्हाला घाईचं वाटतं. दरम्यान कंपन्यांनी स्वतःच्या वाटा काढायला घेतल्यात. २०२४ मध्ये एका कंपनीनं गाडी विकायची आणि बॅटरीचं भाडं किलोमीटरवर घ्यायचं, अशी सोय आणली. बैल विकत, जू भाड्यानं!

या सगळ्यात आपल्या उद्यमनगरचं, शिरोलीचं आणि गोकुळ शिरगावचं काय, ते कुणी विचारत नाही. इथल्या फाउंड्र्यांत इंजिनाचे ब्लॉक, सिलेंडर हेड ओतले जातात. विजेच्या मोटारीत इंजिनच नाही. ट्रॅक्टर, ट्रक, पंप आहेत तोवर भट्ट्या विझणार नाहीत, ब्रेकचे ड्रम विजेच्या वाहनालाही लागतात; पण मोटरचं कवच बहुधा ॲल्युमिनियमचं असतं, त्याची भट्टी वेगळी, साचा वेगळा, हात वेगळा. ज्याच्या दोन पिढ्या बिडाचं लोखंड ओतण्यात गेल्या त्याला हा बदल भांडवलाशिवाय जमायचा नाही. म्हणून औंधच्या राजाची गोष्ट एवढी लांबण लावून सांगितली. गाडी घेणाऱ्याच्या हातात लाख-दीड लाख ठेवण्याची चर्चा बारा महिने चालते. गाडीचा भाग ओतणाऱ्याला जागा आणि बेताच्या व्याजाचं कर्ज, ही चर्चा कोल्हापुरात तरी व्हायला हवी, आणि ती फाउंड्रीवाल्यांनीच सुरू करायला हवी. आजच्या सभेत त्यांच्यातले काही जण बसलेले दिसतात. पहिला प्रश्न त्यांच्याकडून घेऊ.