पेट्रोलचा खोटारडा काटा

सध्या ऑनसाइट आहे. मुक्काम अ‍ॅन आर्बर, मिशिगन. घरमालक सत्तरी ओलांडलेले आजोबा आहेत आणि त्यांच्या गॅरेजमध्ये १९६६ सालची फोर्ड मस्टँग आहे. गेल्या महिन्यात एका रविवारी आम्ही दोघं तिच्यातून चक्कर मारायला निघालो आणि घरापासून बऱ्यापैकी लांब गाडी आचके देत बंद पडली. पेट्रोल संपलं होतं! काटा मात्र अर्ध्याच्या थोडा वरच.

मला आमच्या बाबांची स्कूटर आठवली. तिला पेट्रोलचा काटाच नव्हता. झाकण उघडून गाडी हलवायची आणि आत डोकावायचं. अगदीच संपलं तर रिझर्व्ह. काटा नसेल तर माणूस निदान सावध तरी असतो. खोटं बोलणारा काटा जास्त वाईट.

कॅन घेऊन चालताना आजोबा म्हणाले, हल्ली इंजिनही गरम दाखवतंय आणि ऑइलचं प्रेशरही जास्त दाखवतंय. तिथे माझ्यातला इंजिनिअर जागा झाला. तीन काटे एकदम कसे बिघडतील? एक बिघडला तर दोष त्या काट्यात, त्याच्या वायरीत किंवा सेन्सरमध्ये. तिन्ही एकाच दिशेला चुकले तर दोष तिघांमध्ये जे सामायिक आहे त्यात. चार्जिंगचा अँपिअरमीटर वेगळा असतो आणि तो बरोबर होता. सर्व्हर पडल्यावर आपण ऑफिसात हेच करतो की!

हे सामायिक म्हणजे डॅशबोर्डमागची काडेपेटीपेक्षाही लहान अशी पत्र्याची डबी, व्होल्टेज रेग्युलेटर. ती तिथे का आली, याचा इतिहास मजेशीर आहे.

फोर्डच्या मॉडेल टी गाडीत सीट उचलायची आणि टाकीत काठी बुडवून बघायचं. पुढे मॉडेल ए मध्ये टाकी डॅशबोर्डच्या मागेच होती, त्यामुळे टाकीतला तरंगता फ्लोटच काट्याचं काम करायचा. टाकी मागे गेल्यावर पंचाईत झाली. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला फोर्डमध्ये लाल द्रवाची एक नळी आली. पेट्रोलच्या दाबाने द्रव वर चढायचा. ती बनवणारी किंग-सीली कंपनी इथलीच, अ‍ॅन आर्बरची. मी रोज जिथून ऑफिसला जातो त्या गावाची ही ओळख मला एका बंद पडलेल्या गाडीमुळे कळली.

मग आला विजेवरचा काटा. बायमेटल पट्टी आठवतेय ना? दोन धातू एकत्र जोडलेले, तापले की पट्टी वाकते. इस्त्रीत असते तीच. तिच्याभोवती बारीक तार गुंडाळायची, करंट गेला की पट्टी तापून वाकते आणि काटा सरकतो. टाकीतला फ्लोट रेझिस्टन्स बदलतो. या मस्टँगमध्ये टाकी रिकामी असताना साधारण ७३ ओहम आणि भरलेली असताना १०. असा काटा सावकाश हलतो, त्यामुळे पेट्रोल हिंदकळलं तरी नाचत नाही.

पण यात एक खोट आहे. बॅटरी १२ व्होल्टची असली तरी गाडी चालू असताना १४ च्या आसपास जाते. म्हणजे पेट्रोल तेवढंच, तरी काटा वर. म्हणून ही डबी. तिच्यातही बायमेटल पट्टीच. तापली की वाकते आणि पॉइंट उघडतात, थंड झाली की मिटतात. सतत उघडझाप. व्होल्टेज वाढलं तर पट्टी लवकर तापते आणि चालू राहण्याचा वेळ आपोआप कमी होतो. काट्यांना सरासरी साधारण ५ व्होल्ट जाणवतात. त्याच काळातल्या ब्रिटिश गाड्यांत स्मिथ्सची अशीच डबी १० व्होल्टची होती. कॉलेजात पल्स-विड्थ मॉड्युलेशन शिकताना वाटलं होतं की हे सगळं मायक्रोकंट्रोलरचं काम. इथे दोन पट्ट्या आणि एक तार!

पुढच्या शनिवारी बॅटरीची वायर काढून मीटरचं पॅनल बाहेर काढलं. काटे जळाले तर नाहीत ना, म्हणून मी एकाला थेट १२ व्होल्ट देणार होतो. आजोबांनी हात धरला. ५ व्होल्टची ती तार, १२ वर जळून गेली असती. इतकी वर्षं टिकलेला काटा माझ्या अतिउत्साहात गेला असता. मुकाट्याने ओहममीटर लावला, एकेकाचे १३ ओहम आले. वाचले.

मग डबी. चांगली डबी असेल तर डिजिटल मल्टिमीटरवर आकडे वेड्यासारखे नाचतात आणि काही कळत नाही. त्यापेक्षा छोटा दिवा लावावा, तो लुकलुकतो. आमचा दिवा स्थिर. डबीला अर्थ नीट नसला तरी असंच होतं, कारण आतली पट्टी तापतच नाही. म्हणून स्क्रूखालचा गंज घासला, वेगळी वायर जोडली. तरी स्थिरच. पॉइंट चिकटले होते, सरळ १२ व्होल्ट जात होते. गाडी चालू असताना १४ धरा: १४ भागिले (७३ अधिक १३), म्हणजे ०.१६ अँपिअर. ५ व्होल्टवर भरलेल्या टाकीचे ०.२२ आणि रिकाम्याचे ०.०६. रिकामी टाकी अर्ध्याच्या वर दाखवते ती अशी. काट्याने खोटं नव्हतं सांगितलं, त्याला मिळालेली माहितीच खोटी होती.

बदली म्हणून ७८०५ वापरला. प्रॅक्टिकलला सगळ्यांनी हाताळलेला तो तीन पायांचा आयसी. पण तीन काटे मिळून ०.६५ अँपिअरपर्यंत जातात आणि ९ व्होल्ट त्यालाच गिळायचे, म्हणजे सहा वॅटच्या आसपास उष्णता. म्हणून तो जाड अ‍ॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवला. मीटरवर ५.०, ढिम्म स्थिर. पॅनल परत बसवलं, चावी फिरवली, तिन्ही काटे सावकाश आपापल्या जागी येऊन थांबले. पेट्रोल पाव टाकी. काठी बुडवून बघितलं, बरोबर!

मी जुनी डबी कचऱ्यात टाकणार, तेवढ्यात आजोबांनी ती खिशात घातली. माझा ७८०५ इतकी वर्षं टिकेल का, असं त्यांनी विचारलं. मी हसून विषय बदलला :)

असो. काल पुन्हा चक्कर मारून आलो. काटा नीट चालतोय. तरी डिकीत पेट्रोलचा कॅन ठेवलाच होता.