भाग: शिवाजी पार्क, समुद्र आणि सहा डिसेंबर

आजचा भाग एका मेसेजमुळे सुचला.

ऑफिसच्या ग्रुपवर एकीनं विचारलं, "रविवारी शिवाजी पार्कला काय काय करता येईल?" लगेच यादी आली. कट्ट्यावर बसा, वडापाव खा, चौपाटीवर सूर्यास्त बघा. शेवटी एक सल्ला, "फक्त सहा डिसेंबरच्या आसपास जाऊ नका, फार गर्दी असते."

मी काहीच टाईप केलं नाही. कारण मी तिथं पहिल्यांदा गेलो तो त्याच गर्दीतला एक होऊन.

माझं गाव वाशीम जिल्ह्यातलं जऊळका. स्टेशन आहे म्हणून लोक जऊळका रेल्वे म्हणतात. आठवीत असताना आजीसोबत निघालो. आधी अकोला, तिथून मुंबईची खच्चून भरलेली गाडी. पिशवीत भाकरी आणि ठेचा. मुक्काम शिवाजी पार्कच्या मांडवात. मी सारखं म्हणत होतो, आधी समुद्र दाखव. आजी म्हणाली, "समुद्र पाहाले नाही आलो बापू, बाबासायबाले भेटाले आलो."

आता नोकरीमुळे दादरलाच भाड्यानं राहतो. ही वस्ती एवढी शांत, झाडांची, रुंद रस्त्यांची कशी, हे शोधायला लागलो. आम्ही इंजिनिअर लोक ज्याला रूट कॉज म्हणतो, ते निघालं प्लेग.

सप्टेंबर १८९६. मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी प्लेगचा रोगी ओळखला. साथ पसरली, लोक शहर सोडून पळाले. दाटीवाटीच्या, हवा नसलेल्या खोल्यांकडे सरकारचं लक्ष गेलं. १८९८ मध्ये मुंबई सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं जुन्या वस्त्या पाडून समुद्राची हवा आत येईल असे रस्ते काढले, कामगारांसाठी चाळी बांधल्या आणि उत्तरेला दादर-माटुंग्यात मोकळ्या जागेवर नवं उपनगर आखलं. हिंदू कॉलनी, पारशी कॉलनी त्यातल्याच.

पश्चिमेला, समुद्राच्या बाजूला, १९२५ मध्ये महापालिकेनं मोठं मैदान खुलं केलं. नाव माहीम पार्क. दोन वर्षांनी नगरसेविका अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानं ते शिवाजी पार्क झालं. भोवती तीन-चार मजली इमारती उठल्या, मराठी मध्यमवर्ग आला, कट्टा आला. २०१० मध्ये उच्च न्यायालयाच्या आदेशानं मैदान शांतता क्षेत्रही झालं.

आता माझ्या आवडीचा भाग. त्याच ट्रस्टच्या चाळी, म्हणजे बीआयटी चाळी. परळच्या अशाच एका चाळीत बाबासाहेब सुमारे वीस वर्षं राहिले. तिथूनच महाडच्या सत्याग्रहाची धावपळ झाली, तिथूनच ते गोलमेज परिषदेला गेले. मग १९३० च्या दशकात हिंदू कॉलनीत त्यांनी 'राजगृह' बांधलं, पुस्तकांना पुरेशी जागा मिळावी म्हणून. ट्रस्टच्या चाळीतून ट्रस्टच्याच उपनगरात. ज्यांना गावात पाणवठ्याला हात लावू देत नव्हते, त्यांच्यातला एक माणूस आखीव प्लॉटवर ग्रंथांचं घर बांधतो. मला हे वाचून थांबावंच लागलं.

६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत त्यांचं निधन झालं. पार्थिव विमानानं मुंबईला, मग राजगृहात. ७ तारखेला अंत्ययात्रा निघाली आणि दादर चौपाटीवर अंत्यसंस्कार झाले. तिथंच हजारो लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. ५ डिसेंबर १९७१ ला मीराताई आंबेडकरांच्या हस्ते चैत्यभूमीच्या स्तूपाचं उद्घाटन झालं.

म्हणजे आमची गर्दी या शांत वस्तीत वाट चुकून आलेली नाही. आमचा माणूस इथलाच रहिवासी होता.

तर, काय काय करता येईल? माझी यादी घ्या. सकाळी हिंदू कॉलनीत राजगृह बाहेरून तरी बघा, तळमजल्यावरचं संग्रहालय उघडं असेल तर आतूनही. पूल ओलांडून पश्चिमेला या. कट्ट्यावर बसा, नेटमधली पोरं बघा. वडापाव खाच, त्यावर वाद नाही. मग चैत्यभूमी. सांचीसारखं तोरण आहे, चपला बाहेर काढा, आत पाच मिनिटं गप्प बसा. शेजारच्या व्ह्युईंग डेकवरून सी लिंक आणि सूर्यास्त दोन्ही दिसतात.

आणि जमलं तर सहा डिसेंबरलाच या. मैदानभर पुस्तकांचे स्टॉल असतात. माझ्या आजीला वाचता येत नाही. त्या वर्षी तिनं जाता-येताच्या खर्चातून उरलेले पैसे काढले आणि मला दोन पुस्तकं घेऊन दिली. तिसरं मी मागितलं तर म्हणाली, "आधी हे वाच, मंग पुढच्या साली." चपलांच्या ढिगात माझी एक चप्पल हरवली, पुस्तकं मात्र गावापर्यंत पोचली. अजून आहेत.

यंदा गुडघ्यांमुळे ती येणार नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "मायाकडून फूल वाह्यजो."

काल रात्री ग्रुपवर मी ही यादी टाकली. एकीचा रिप्लाय आला, "सहाला किती वाजता जातोस?" मी लिहिलं, पहाटे पाचला, रांग मोठी असते.

तुमच्या घरून कुणी येतं का चैत्यभूमीला? आठवण व्हॉइस नोटवर पाठवा, पुढच्या भागात ऐकवतो. भेटूया. जय भीम!