मोटेची धाव आणि शाळेचा फळा

‘बल’ आणि ‘ऊर्जा’ हे शब्द मी वर्गात शिकलो नाही. सातवीनंतर शाळा सुटली आणि कारखान्यात हाती पहार आली. टेकू ओझ्याजवळ सरकवला की अवजड यंत्र हलते, हे आधी पाठीने शिकविले. नियम मागाहून पुस्तकात सापडला.

आपल्या सातारा-सांगलीकडे अशा शिक्षणाची परंपरा आहे. १९१० साली औंध संस्थानात, कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळावर लक्ष्मणराव किर्लोस्करांनी कारखाना उभारला. लोखंडी नांगराने जमिनीला विष चढते, असा शेतकऱ्यांचा समज असे. तो व्याख्यानाने जाणारा नव्हता. साखळी अडकविण्याची जागा वरखाली केली की फाळ किती खोल जातो, हे शेतातच दिसायचे. हे नांगर विकण्यासाठी भाऊराव पाटील गावोगाव हिंडले. त्यांनीच १९१९ साली काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापिली आणि १९२४ साली साताऱ्यास वसतिगृह काढले. तेथील मुले स्वतः राबून शिकत. पुढे १९४७ साली निघालेल्या शिवाजी कॉलेजात ‘कमवा आणि शिका’ ही रीत नावारूपास आली.

तिच्यामुळे गोरगरिबांची हजारो मुले शिकली, हे ऋण मोठे आहे. पण मी कामगार चळवळीतला माणूस. माझी नजर त्या ‘आणि’वर अडते. सकाळी कमवा, दुपारी शिका, एवढाच का त्याचा अर्थ? कामातूनच विषय शिकवावा, असे गांधीजींनी १९३७ साली वर्ध्यास मांडले होते. आपल्याकडे पुष्कळ शाळांत मात्र घाम बागेत राहिला आणि व्याख्या फळ्यावर. हा दोष एका संस्थेचा नव्हे, परीक्षेचा आहे. आणि ज्या कामातून धडा निघत नाही, ते मुलांकडून करून घेतलेले फुकटचे काम होय, हेही स्पष्ट बोलले पाहिजे.

माझे वडील मोट हाकीत. धाव उतरती का? बैलांचे वजनही नाड्याला ओढू लागावे म्हणून. मोटेत शंभर लिटर पाणी आणि विहीर दहा मीटर धरा. एका खेपेला सुमारे दहा हजार ज्यूल कार्य झाले. शंभर वॅटचा दिवा तेवढ्यावर शंभर सेकंद जळेल! बैलांचा घाम आणि विजेचे बिल एकाच मापाने मोजता येते, हे मला कळले तेव्हा चाळिशी उलटली होती.

अलीकडे एका शाळेत मुलांना विटा ठेवलेली फळी ताणकाट्याने ओढायला दिली. मग फळीखाली गोल पेन्सिली सारल्या, तसा काटा झर्रकन खाली आला. कारखान्यात आम्ही यंत्राखाली पाइप घालतो, तेच हे. एका मुलीने विचारले, “काका, मग आधी आम्ही जास्त जोर लावला, तो गेला कुठे?”

मी तिला तळहात एकमेकांवर जोरात घासायला सांगितले.