आसापासून आर्मपर्यंत

जूनचा पहिला पाऊस होता. विश्रांतवाडीहून आळंदीला निघालो होतो, मागच्या सीटवर आई. दिघीजवळच्या एका वळणावर गाडीचं तोंड रस्त्याकडे राहिलं आणि शेपटी भलतीकडे गेली. वेग चाळीससुद्धा नव्हता. समोरून कुणी येत नव्हतं म्हणून सावरलो. आई एवढंच म्हणाली, "हळू चालव रे."

मी हळूच चालवत होतो. चूक चालवण्यात नव्हतीच. चार दिवसांपूर्वी मी गाडीखाली जे उद्योग केले होते, त्यात होती.

गाडी २००८ सालची, सेकंडहँड, जपानी सेडान. आधीच्या मालकाने आखूड स्प्रिंग टाकून ती खाली बसवली होती. अशी गाडी खाली बसली की मागची चाकं वरून आत झुकतात. मागून पाहिलं तर घराच्या उतरत्या छपरासारखी दिसतात. फोटोत भारी वाटतं, पण टायरची आतली कड झपाट्याने झिजते. माझ्या टायरची बाहेरची नक्षी नव्यासारखी होती आणि आतल्या बाजूला तारा दिसायला लागल्या होत्या.

या झुकण्याला कॅम्बर म्हणतात. मूळ आर्मवर तो बदलायची सोय नव्हती. म्हणून मी लांबी कमीजास्त करता येणारे वरचे मागचे आर्म ऑनलाइन मागवले, रविवारी बसवले, चाकं डोळ्यांना सरळ दिसली आणि खूश झालो. अलाइनमेंट केलं नाही. पुढच्या शनिवारी करू म्हटलं. त्याआधीच ते वळण आलं.

त्यानंतर मला एक प्रश्न छळू लागला. मागचं चाक तिरकं होऊच कसं शकतं? वडिलांच्या पद्मिनीचं कधी झालं नाही. उत्तर शोधताना मी गॅरेजातून इतिहासात शिरलो.

एक आस, दोन चाकं

विश्रांतवाडीचा आळंदी रस्ता हा चाकांचं संग्रहालय म्हणावा असाच आहे. ज्येष्ठ वद्यात ज्ञानेश्वर महाराजांच्या पालखीचा रथ इथून पुण्याकडे जातो, त्याला बैल जोडलेले असतात. बैलगाडीची गोष्ट सोपी आहे. दोन चाकांमध्ये एक आस असतो. चाकाचा तिरकेपणा ठरतो तो सुताराच्या कामात. गाडी एकदा बनली की मालकाने बघायचं ते वंगण आणि लोखंडी धाव. एक चाक खड्ड्यात गेलं की दुसऱ्यालाही धक्का बसतो, पण दोघांचं नातं बदलत नाही.

मग आले पाटे. १८०५च्या सुमारास इंग्लंडमध्ये ओबाडाया इलियट याने घोडागाडीसाठी पोलादी पट्ट्यांच्या कमानी रूढ केल्या. पुढे तीच कल्पना मोटारीखाली आली. पाट्याची खुबी अशी की एकच वस्तू तीन कामं करते. वजन पेलते, धक्का सोसते आणि आसाला जागेवर धरूनही ठेवते.

वालचंद हिराचंद यांच्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सने मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनवली. तीच १९७४ साली पद्मिनी झाली. तिच्या पुढच्या चाकांना स्वतंत्र आर्म होते, मागे मात्र अखंड आस आणि पाटे. अ‍ॅम्बॅसिडरचंही मागचं चित्र तेच. आपल्याकडे पाटा इतकी वर्षं टिकला याला कारण आहे. गाडीत सातजण बसले तर एक जादा पाटा घालायचा. तुटला तर तालुक्याच्या गावातही बदलून मिळायचा. कॉम्प्युटर लागायचा नाही, कारण मोजायचंच काही नव्हतं. मागची दोन्ही चाकं एका लोखंडी आसाने बांधलेली होती. तो वाकल्याशिवाय ती तिरकी होणार तरी कशी?

माझं गॅरेज म्हणजे आमच्या भागातल्या एका काकांचं. त्यांनी पाट्यांवरच हात बसवला. माझी गाडी रॅम्पवर घेतल्यावर ते खालून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "पूर्वी मागं काही बघायचंच नसायचं. आता मागंच जास्त बघायला लागतं."

चाक सुटं झालं

मागची चाकं सुटी करण्याची हौस युरोपात जुनी आहे. १९३१ साली मर्सिडीजने १७० हे मॉडेल आणलं, त्यात चारही चाकं स्वतंत्र होती. मागे आसाचे दोन तुकडे केले होते. प्रत्येक तुकडा आतल्या टोकाला बिजागरीसारखा हलायचा. डावं चाक खड्ड्यात गेलं तरी उजव्याला पत्ता लागायचा नाही. प्रवास मऊ झाला. पण आता चाक वरखाली झालं की त्याचा कलही बदलू लागला.

ही गोष्ट अमेरिकेत चव्हाट्यावर आली. १९६०चं मॉडेल म्हणून आलेल्या शेव्हरोले कॉर्व्हेअरचं इंजिन मागे होतं आणि मागच्या आसाची रचना अशीच बिजागरीची होती. जोरात वळण घेतलं की मागची बाजू उचलली जाऊन बाहेरचं चाक पोटाखाली दुमडू शकत असे. तोल राखण्यासाठी पुढच्या टायरांत १५ आणि मागच्या टायरांत २६ पौंड हवा ठेवा, असं कंपनीचं सांगणं होतं. किती मालक हा फरक पाळणार? १९६५ साली राल्फ नेडर यांचं 'अनसेफ अ‍ॅट एनी स्पीड' हे पुस्तक आलं, त्याचं पहिलंच प्रकरण या गाडीवर आहे. त्याच वर्षीच्या मॉडेलमध्ये कंपनीने मागची रचना पूर्ण बदलली होती. १९७२च्या सरकारी अहवालाने मात्र ही गाडी त्या काळच्या इतर गाड्यांपेक्षा जास्त उलटणारी नव्हती, असा निष्कर्ष काढला. वाद बाजूला ठेवू. मला त्यात वेगळीच गोष्ट दिसली. चाकाला स्वातंत्र्य मिळालं आणि गाडीची सुरक्षितता मालकाने सांभाळायच्या एका आकड्यावर येऊन टेकली.

यावरचा देखणा तोडगा १९८२ साली मर्सिडीज १९०मध्ये आला. त्यात प्रत्येक मागच्या चाकाला पाच आर्म होते. पाचच का? हवेत सोडलेल्या कुठल्याही वस्तूला हालचालीच्या सहा वाटा असतात. पुढे-मागे, डावी-उजवीकडे, वर-खाली, आणि या तीन दिशांभोवती फिरणं. एका आर्मने एक वाट बंद होते. चाक ज्यावर बसतं त्या तुकड्याच्या पाच वाटा बंद केल्या की एकच उरते, वर-खाली. एका पाट्याची कामं अशी वाटली गेली. वजन स्प्रिंगकडे, हेलकावे शॉकअपकडे आणि दिशा आर्मकडे.

पुण्यालाही या इतिहासात जागा आहे. ३० डिसेंबर १९९८ला बाजारात आलेली टाटा इंडिका पिंपरीत बनायची. तिची मागची चाकं स्वतंत्र होती, तिरक्या बसवलेल्या आर्मवर. अशा रचनेत वजन वाढलं की चाकाचा कल बदलतो. सामान आणि माणसं खच्चून भरलेल्या इंडिका टॅक्सीला मागून पाहिलं असेल, तर तुम्ही कॅम्बर पाहिलेला आहे.

तुमच्या गाडीखाली काय आहे ते एकदा वाकून बघा. आजच्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे एक आडवा, पीळ खाणारा बीम असतो. त्याला हे आर्म नसतातच. २०२०नंतरच्या थारला आर्म आहेत, पण ते अखंड आसाला धरतात. ती उंच केली की आर्मची लांबी बदलावी लागते ती आस मधोमध राहावा आणि त्याचा कोन बरोबर यावा म्हणून. माझ्या गाडीचं दुखणं सुट्या चाकाचं होतं.

ओळंबा आणि दोरा

काकांनी आधी मशीन लावलंच नाही. गवंड्याचा ओळंबा काढला. चाकाशेजारी तो सोडून रिमची वरची आणि खालची कड दोऱ्यापासून किती लांब आहे ते मोजलं. १६ इंची रिमवर एक अंश म्हणजे सुमारे ७ मिलिमीटर. आर्म बदलण्यापूर्वी मी काढलेला फरक २१ मिलिमीटर होता, म्हणजे ३ अंश. आता तो ८वर आला होता. "हे बरं केलंस," काका म्हणाले. मी फुगलो.

मग त्यांनी गाडीच्या दोन्ही बाजूंना स्टँड ठेवून मध्यरेषेला समांतर दोरे ताणले आणि मागच्या चाकाची पुढची आणि मागची कड मोजली. दोन्ही चाकांची तोंडं बाहेर वळलेली होती, मिळून ९ मिलिमीटर. हा टो. कॅम्बर म्हणजे चाकाचं झुकणं, टो म्हणजे चाकाचं बघणं.

माझ्या लक्षात आलं काय झालं होतं. वरचा आर्म लांब केल्यावर चाक वरून बाहेर आलं. पण चाकाला दिशा देणारा आर्म मध्याच्या मागे बसतो, आणि तो होता तेवढाच राहिला. त्याने चाकाची मागची कड आत धरून ठेवली, म्हणून पुढची बाहेर वळली. वळणावर भार येतो बाहेरच्या मागच्या चाकावर, आणि माझं ते चाक वळणाच्या बाहेर बघत होतं. कोरड्या रस्त्यावर टायरने निभावलं, ओल्या रस्त्यावर सोडून दिलं. एक कोन सुधारताना मी दुसरा बिघडवला होता.

दुसरी चूक काकांनी बोट घालून दाखवली. मी सगळे बोल्ट चाकं हवेत लोंबत असताना आवळले होते. आर्मच्या टोकाला रबराचा बुश असतो. तो लोंबत्या स्थितीत आवळला, तर गाडी जमिनीवर आल्यावर कायम पिळलेला राहतो, गाडीची उंची फसवी दाखवतो आणि लवकर फाटतो. काकांनी बोल्ट सैल केले, चाकांवर वजन घेतलं, गाडी पुढेमागे ढकलून बसू दिली आणि मग आवळले.

पुढचा क्रम लिहून ठेवण्यासारखा आहे. आधी टायरची हवा आणि चारही कोपऱ्यांची उंची. मग कॅम्बर, दोन्ही बाजूंना सारखा. टो त्यानंतरच, कारण कॅम्बर हलवला की टो हलतोच. आर्मचा आटा पुरेसा आत आहे ना ते पाहून लॉकनट. शेवटी मशीनवर खातरजमा, कारण दोन्ही चाकं मिळून एका बाजूला बघत असतील तर गाडी खेकड्यासारखी तिरकी चालते. आम्ही कॅम्बर एक अंशाच्या आसपास ठेवला आणि टो मिळून २ मिलिमीटर आत. हे आकडे कंपनीने या गाडीसाठी दिलेल्या मर्यादेत बसत होते. तुमच्या गाडीचे वेगळे असतील.

घरी येताना फुलेनगरच्या आरटीओवरून आलो. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ सांगतं की नोंदणीतला तपशील निर्मात्याने ठरवलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने करायचा नाही. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते ठामपणे अधोरेखित केलं. आर्मची लांबी आरसी बुकात लिहिलेली नसते, हे खरं. पण त्या दिवसापासून मी माझ्या आर्मकडे गाडी वेगळी करायचं साधन म्हणून बघत नाही. ती मूळ मापावर परत आणायला ते घेतले होते, आणि आखूड स्प्रिंगही पुढच्या महिन्यात काढून टाकल्या. स्प्रिंग बदलल्यावर उंची बदलली, म्हणून सगळं मोजमाप पुन्हा केलं. काका हसून म्हणाले, "बैलगाडी घ्यायची होतीस."

पाचशे किलोमीटरनंतर आणखी एकदा तपासलं. लॉकनट जागेवर, टायर सपाट झिजतोय. आई आता मागे बसते तेव्हा काही बोलत नाही, बहुतेकदा झोपते.

आरसी बुकासोबत मी एक कागद ठेवलाय. त्यावर तारीख, चारही कोपऱ्यांची उंची, डावा-उजवा कॅम्बर, टो आणि दोन्ही आर्मची लांबी लिहिली आहे. गाडी विकेन तेव्हा तो कागद नव्या मालकाला देईन. मला गाडी मिळाली तेव्हा असा कागद नव्हता.