लेकीचा हिस्सा

१८४७ साली मुंबईच्या सुप्रीम कोर्टात खोजा घरातल्या मुलींनी बापाच्या मालमत्तेत कुरआनने दिलेला हिस्सा मागितला. न्या. अर्स्किन पेरी यांनी रूढी मानली, मुली रिकाम्या हाती परतल्या. कच्छी मेमनांबाबतही हाच निर्णय झाला. १९३७ च्या शरीयत कायद्याने वारसाहक्कातली रूढी हटवली. शेतजमीन मात्र वगळली. (कोकणातल्या आम्हां शेतकऱ्यांकडे दुसरे असते तरी काय?) वसियत एक तृतीयांशापुरतीच, आणि सुन्नी फिकहप्रमाणे इतर वारसांच्या संमतीशिवाय एखाद्या वारसाच्या नावे चालत नाही, हे आम्ही अभिमानाने सांगतो. पण बाप गेल्यावर त्याच आमच्या घरांत बहिणीपुढे हक्कसोडपत्र ठेवले जाते, आणि माहेर तुटेल या भीतीने ती सही करते.